जागेवर आणलेली सून

बागेच्या हिशेबानं सुकुरमोनी तांती या माघात अठ्ठावन्न वर्षांची झाली. तिच्या आईच्या हिशेबानं ती चोपन्नची होती. मधली चार वर्षं आईनंच, बुधनीनं, कधीकाळी हपिसाच्या पायरीवर उभं राहून तिच्या वयात घातली होती आणि तेव्हा त्याचं कुणालाच काही वाटलं नव्हतं. वय वाढवून सांगणं हे चहाच्या बागेत खोटं बोलण्यात धरतच नाहीत.

हपिसातल्या कारकुनानं, बरठाकूर बाबूंनी, तिला खिडकीपाशी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. फक्त वाईट बातमी सांगताना त्यांना चष्मा पुसायची सवय होती, त्यामुळं ते चष्मा पुसायला लागले की बायकांना आधीच कळायचं.

"सुकुर, झालं गं तुझं. फागुनात पान फुटेल, त्याआधी जागेवर कुणाला उभं करायचं ते सांग. आता घरी बसून आराम कर."

"कुठल्या घरी बाबू?"

बाबूंनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. घर कंपनीचं. बागेच्या लाईनीतलं, म्हणजे कामगारांच्या चाळीतलं, एकेक घर एकेका पक्क्या जागेवर, कायमच्या नोकरीवर, उभं असतं. जागेवरचं माणूस म्हातारं झालं किंवा मेलं की त्याच घरातल्या दुसऱ्या कुणीतरी तिथं उभं राहायचं. मुलगा, मुलगी, सून, कुणीही. कुणीच उभं राहिलं नाही तर घर खाली करायचं. मग पणजोबांनी लावलेला फणस असो की न्हाणीला स्वतःच्या हातानं घातलेला गिलावा, सगळं तिथंच टाकून निघायचं.

"बाबू, मी अजून चार वर्षं काम करू शकते. माझं वय तुमच्याकडं चुकलंय, तुम्हाला ठाऊक आहे. सगळ्या बागेला ठाऊक आहे."

"म्हणजे जागेवर लागलीस तेव्हा तू पंधराची होतीस?"

"हो."

"मग बागेनं तुला घेतलंच कसं? पंधराच्या पोरीला घेता येत नाही. तू हे वर बोललीस ना, तर साहेब म्हणतील, हिची नेमणूकच खोटी. निवृत्तीचे पैसे अडकतील, जागाही जाईल. तोंड शिवून घरी जा. पोरगी आहे ना तुझी? हुशार आहे म्हणतात. लाव तिला."

खरं बोलावं तर सगळंच जाणार आणि खोटं तसंच ठेवावं तर चार वर्षं जाणार. सुकुरमोनी खिडकीपासून निघाली ती थेट घरी आली.

चार वर्षं हा काही शब्दाचा खेळ नव्हता. तिची पोरगी जोनाली दिब्रुगडला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. आणखी चार वर्षं मिळाली असती तर तिचं शिक्षण पुरं होऊन तिला कुठंतरी नोकरी लागली असती आणि मग बागेनं खुशाल घर मागावं. आता निवृत्तीचे पैसे येतील, त्यात उरलेली फी भागली असती. पण घर गेलं तर तेच पैसे बागेबाहेरच्या वस्तीत बांबूच्या भिंती उभारण्यात आणि भाड्यात जायचे. घर ठेवावं तर पोरीचं शिक्षण जाणार आणि शिक्षण ठेवावं तर घर. ज्यांनी कुणी हा नियम केला त्यांना आपण काय बांधून ठेवतोय हे चांगलं कळत असणार, असं मला तरी नेहमी वाटतं.

घरात बुधनी चटईवर बसली होती. ऐंशीच्या पुढं गेलेली, कानानं अर्धी आणि डोळ्यांनी पाऊण. सुकुरमोनीनं तिच्यासमोर मीठ घातलेल्या लाल चहाचा पेला आदळला.

"एकोणीस सांगायची काय गरज होती गं तुला? अठरा पुरत होते ना!"

"काय म्हणतेस?"

"काही नाही. पी."

हा एकोणीसचा राग जुना होता. सुकुरमोनी नववीत होती तेव्हाचा. बागेची शाळा पाचवीलाच संपते, पुढची शाळा मोठ्या रस्त्यापलीकडं. त्या वर्गात लाईनीतल्या पोरी दोनच, आणि भूगोलात पहिला नंबर सुकुरमोनीचा. बुधनीची छाती बिघडली होती, रक्त पडत होतं, डॉक्टरांनी पान तोडायचं बंद करायला सांगितलं होतं. एका दुपारी बुधनी पान तोडताना कमरेला गुंडाळायचा ताडपत्रीचा तुकडा तसाच ठेवून शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. हेडमास्तर बाहेर आले. त्यांनी पुष्कळ सांगितलं, पोरगी हुशार आहे, मॅट्रिक होऊ द्या, आयुष्याचं सोनं होईल वगैरे. बुधनीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या शाळेत आम्हा सहा जणांना राहायला जागा आहे का?"

सुकुरमोनी वर्गात जाऊन दप्तर घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी हपिसात तेव्हाच्या बाबूनं वय विचारलं. पोरगी दिसायला चिमणीएवढी. अठरा म्हटलं तर बाबूला पटायचं नाही अशी बुधनीला धास्ती वाटली, म्हणून तिनं वर आणखी एक चढवलं आणि ठोकून दिलं, एकोणीस. जणू बाजारात भाव करायचा होता आणि बाबू एक कमी करणार होता. बाबूनं काही कमी केलं नाही. जसं सांगितलं तसं मान्य करून टाकलं. त्या जागेवर चार भावंडं वाढली, पांगली आणि आपापल्या संसारात विसरून गेली. सुकुरमोनी मात्र आईला विसरली नाही. तिनं तिला जन्मभर जेवू घातलं आणि जन्मभर माफ केलं नाही.

तिनं जोनालीला वाढवलं ते याच रागावर. तोडीच्या दिवसांत वजन भरावं म्हणून सगळ्या बायका सुट्टीच्या दिवशी पोरांना सोबत नेतात, पोरं बाजूच्या झुडपांवरची पानं आईच्या पिशवीत टाकतात. जोनालीनं एकदा हौसेनं चार पानं खुडली तेव्हा सुकुरमोनीनं तिच्या हातावर फाटकन चापट मारली होती. "या झाडाला हात लावशील तर हात मोडून ठेवीन. जा, पुस्तक काढ." बायका फिदीफिदी हसल्या. "मेमसाहेबांच्या आईसाहेब आल्या हो," म्हणाल्या. म्हणू देत. थोरल्या मुलाच्या, लखिंदरच्या बाबतीत मात्र तिनं एवढा ताण घेतला नाही, हेही सांगितलं पाहिजे. तो आठवीला नापास झाला, तिनं चार दिवस आरडाओरडा केला आणि सोडून दिलं. नवरा गेल्यावर एकट्या बाईच्या जिवात जोर होता तो एकाच पोराला पुरण्याइतका. लखिंदर केरळात प्लायवूडच्या कारखान्यात लागला आणि सणावाराला पैसे पाठवायला लागला. तिथल्या बोलण्याचे दोन शब्द शिकून तो फोनवर आईला हसवायचाही.

त्याच लखिंदरला तिनं फोन लावला.

"ये बाबा. जागेवर उभा राहा."

"मी? पान तोडायला? माय, बायकांच्या रांगेत पिशवी डोक्याला अडकवून उभा करणार मला? इथं महिन्याला मिळतं ते तुझ्या बागेत चार महिन्यांत मिळत नाही."

"मग घर जाऊ दे म्हणतोस?"

तो हसला. "लग्न लावून टाक माझं. सुनेलाही जागा मिळते ना? उभी कर तिला."

तो चेष्टाच करत होता. पण फोन ठेवल्यावर सुकुरमोनी ओट्यावर बसून राहिली आणि ती चेष्टा तिच्या डोक्यात घर करून बसली. सून. सुनेचं कुणाला सुचलंच कसं नाही? बागेत अशा सुना आणतातच की. जागेवर आणलेली सून म्हणतात त्यांना, आणि त्यात कुणाला कमीपणाही वाटत नाही. उलट जिच्या माहेरी एका जागेवर नऊ तोंडं, तिला पक्की जागा म्हणजे लॉटरी. जोनाली शिकेल, घर राहील, लखिंदरला बायको मिळेल. सुकुरमोनी उठली ती थेट शेजारच्या फगनी काकीकडं गेली. या बाईच्या पोटात सात लाईनींमधल्या सगळ्या उपवर पोरी असतात.

"आहे ना," फगनी म्हणाली. "शेवटच्या लाईनीतली सुमित्रा तांती. तिची थोरली, देवांती. अठरा पुरे झालेत, खरेखुरे. घरात माणसं मावत नाहीत. तू मागणी घातलीस तर नाचत देतील."

रविवारी दोघी मुलगी बघायला गेल्या. सुमित्राचं घर म्हणजे दोन खोल्या आणि त्यात सासू, दीर, दिराची बायको, पोरं. पाहुण्यांनी बसायचं म्हणून दोन पोरांना बाहेर काढलं तेव्हा कुठं पाट मांडायला जागा झाली. देवांतीनं चहा आणला. काळीसावळी, उंच, चेहऱ्यावर कुणाचं ऐकून घेणार नाही असा भाव. सुकुरमोनीला ती बघताक्षणी आवडली. त्याचीच तिला धास्ती वाटली.

"शिकलीय कुठवर?" सुकुरमोनीनं विचारलं. हा प्रश्न ती कुणालाही विचारायची. पाहुण्यांच्या पोरांना, बसमधल्या पोरांना. सवयच होती.

सुमित्रा घाईघाईनं म्हणाली, "बारावीला आहे. परीक्षा फागुनात. पण विहीणबाई, तुम्ही त्याची काळजी नका करू. तुम्ही म्हणाल तर उद्यापासून काढते तिला शाळेतून."

आणि सुकुरमोनीला हायसं वाटलं. घोडं अडणार नाही, असं तिच्या मनात आलं. पुढच्याच क्षणी आपल्याला हायसं वाटलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं हातातला चहाचा पेला खाली ठेवला. शाळेच्या दारात आपली आई उभी होती तेव्हा तिलाही असंच हायसं वाटलं असेल का, हे ती चुकूनही स्वतःला विचारणार नव्हती. पण विचार आला तो आलाच.

जागेवर आणायच्या मुलीला बघायची एक रीत आहे. इतर ठिकाणी केस बघतात, चाल बघतात, इथं हात बघतात. मुलीला झुडपापाशी नेऊन पान खुडायला लावायचं. माघात बाग छाटलेली असते, पण नाल्याकाठी छाटायची राहून गेलेली दोनचार झुडपं होती. देवांतीला तिथं उभं केलं. तिनं एका हातानं फांदी धरली, दुसऱ्या हातानं दोन पानं आणि कळी शोधली, नखानं तोडली आणि मग पुढची शोधायला लागली.

"अगं बाई," फगनी ओरडली, "ही पान तोडतेय की पूजेची फुलं वेचतेय? संध्याकाळपर्यंत पिशवीचा तळ तरी झाकेल का?"

जमलेल्या बायका हसल्या. देवांतीनं मान वळवली. "काकी, तुम्ही काय जन्मताच पिशवी अडकवून आलात काय?"

"जीभ बघा पोरीची!"

"शिकेल ती," सुमित्रा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "हात आहेत ना, शिकेल."

सुकुरमोनी पुढं झाली आणि तिनं देवांतीचा हात हातात घेतला. उलटा केला. बागेतल्या कुठल्याही पोरीची अंगठ्याची आणि पहिल्या बोटाची पेरं काळी पडलेली असतात. चिकानं काळी झालेली, भेगाळलेली, साबणानं न जाणारी. लहानपणी सुट्टीत आईच्या पिशवीत पानं टाकून टाकून झालेली. देवांतीची बोटं स्वच्छ होती. फक्त एका बोटाला पेन धरून धरून आलेला घट्टा.

सुकुरमोनीनं वर बघितलं. सुमित्रा तिच्याकडंच बघत होती.

"कधीच हात लावला नाही हिनं?" सुकुरमोनीनं हळूच विचारलं.

"मीच लावू दिला नाही," सुमित्रा म्हणाली. एवढं बोलून तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती आत चहाचे पेले गोळा करायला गेली.

वाटेत फगनी बडबडत होती, दुसरी बघू, तिसऱ्या लाईनीत एक आहे, दहा वर्षांची असल्यापासून तोडतेय, हात बघशील तर यंत्र. सुकुरमोनी म्हणाली, "नको. हीच." का म्हणाली ते तिला सांगता आलं नसतं. कदाचित ही पोरगी जोनालीसारखी होती म्हणून असेल. घरात पुन्हा एक तशी पोरगी येईल, एवढाच मोह. त्या मोहात आपण काय करतोय हे तिला दिसत नव्हतं असं मात्र नाही.

तिनं प्रयत्नही केला. ती बरठाकूर बाबूंच्या खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "सून आणतेय. पण तिची परीक्षा आहे फागुनात. परीक्षा झाली की उभी राहील. तेवढे दिवस जागा धरून ठेवा."

बाबूंनी चष्मा काढला. "सुकुर, जागा म्हणजे काय बसमधला रुमाल आहे धरून ठेवायला? पान फुटलं की माणूस पाहिजे. आणि नव्या माणसाला पहिले तीन महिने खाडा चालत नाही. खाडा झाला की जागा गेली. मी नाही केलेला हा नियम."

"कुणी केलाय मग? सगळे म्हणतात मी नाही केला."

बाबू हसले आणि त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

लग्नाच्या चार दिवस आधी जोनाली दिब्रुगडहून आली. अंगावर नर्सिंगच्या कॉलेजचा स्वेटर, हातात आजीसाठी औषधाच्या बाटल्या. तिनं आधी बुधनीची छाती तपासली, मग तिची नखं कापली आणि मग आईला मागच्या अंगणात नळापाशी गाठलं.

"माय, देवांतीला मी ओळखते. शाळेत आमच्या मागं होती. वादविवादात तिनं दोनदा बक्षीस घेतलंय."

"बरं मग?"

"तिची परीक्षा आहे या महिन्यात."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे आणि तरी?" जोनालीचा आवाज चढला. "झाडाला हात लावला म्हणून मला मारलं होतंस तू. आणि तिचं काय?"

"मी तिची आई नाही." सुकुरमोनीनं बादली नळाखाली सरकवली. "तिला आई आहे. तिच्या आईनं बघावं."

जोनालीनं नळ बंद केला. जोनाली म्हणाली, "मी सोडते नर्सिंग. मी उभी राहते जागेवर. तिला कशाला?"

"सोडतेस?"

"हो."

"बघ हं. नीट विचार कर आणि मग बोल. उद्या हपिसात जाऊन नाव देऊन येऊ. बाबूंना आवडेलच."

सुकुरमोनीनं हे मुद्दाम म्हटलं. पोरीला धमकी देऊन बघितली म्हणा ना. जोनालीला वॉर्डमधली पांढरी चादर आठवली असेल, मैत्रिणी आठवल्या असतील, सुई टोचताना पहिल्यांदा शीर सापडली तो दिवस आठवला असेल. तिनं डोळे पुसले. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. लग्न होईपर्यंत ती थांबली, देवांतीच्या हातांना हळद लावली, आणि दुसऱ्या सकाळच्या बसनं परत गेली. जाताना तिनं आईच्या पायाला हात लावला, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. मी तिला नावं ठेवत नाही. उंबऱ्याबाहेर पाय पडलेला असताना तो परत आत घ्यायचा म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतं.

लग्नाच्या गडबडीत सुकुरमोनीनं देवांतीलाही एकदा विचारलं होतं. एकटीला गाठून. "पोरी, तुला नको असेल तर आत्ता सांग. मी मोडते. शिव्या मी खाईन."

देवांतीनं तिच्याकडं असं बघितलं की सुकुरमोनीच ओशाळली.

"मोडून काय होणार? काका मला दिल्लीला पाठवणार आहे, कुणाच्या घरी भांडी घासायला. एजंट येऊन गेला. तिथं कुठली परीक्षा? इथं निदान जागा माझी असेल. माझ्यावर घर उभं राहील." मग ती जरा हसली. "आणि तुमचा लखिंदर फोनवर बरा बोलतो."

म्हणजे हिला सोडलं तरी ती सुटत नव्हती, आणि धरलं तर आपणच धरलं असं होत होतं. सुकुरमोनीनं पुन्हा विचारलं नाही.

लखिंदर आठ दिवस राहून केरळला गेला. फागुनातल्या एका सोमवारी बागेतली पहिली तोड सुरू झाली. देवांतीच्या वर्गातली पोरं त्याच सकाळी परीक्षेला चालली होती. निळ्या गणवेशातली त्यांची रांग मोठ्या रस्त्यानं गेली, आणि बायकांची रांग पिशव्या घेऊन बागेत शिरली. देवांतीनं त्या बाजूला बघितलं नाही. तिनं बघितलं नाही हे सुकुरमोनीनं बघितलं.

सुकुरमोनीला आता बागेत काम नव्हतं, तरी ती सुनेसोबत गेली. ताडपत्री कमरेला कशी गुंडाळायची, पिशवीचा पट्टा टाळूवर नक्की कुठं ठेवायचा म्हणजे मान आखडत नाही, दोन्ही हात एकदम कसे चालवायचे, डोळ्यांनी शोधायचं नाही, बोटांनी शोधायचं, हे सगळं तिनं सांगितलं. रांगेवरच्या मुकादमानं, सरदारानं, हजेरी घ्यायला सुरुवात केली. "सुकुरमोनी!" असा त्यानं पुकारा केला. जागा जिची, तिचंच नाव नव्या बाईला लागतं, वर्षभर तरी. सुकुरमोनी सवयीनं "हो" म्हणायला गेली, तोवर देवांती म्हणाली होती. सरदार पुढच्या नावाला गेला. सुकुरमोनी तोंड तसंच उघडं ठेवून उभी राहिली. आपणही पहिलं वर्षभर बुधनी होतो, हे तिला कितीतरी वर्षांनी आठवलं.

दुपारच्या वजनाला देवांतीची पिशवी निम्मीही नव्हती. सरदार टोमणे मारायला लागला, "बारावीवाल्या बाई, पानं मोजून आणलीत वाटतं?" शेजारच्या रांगेतून सुमित्रा आली. एक शब्द न बोलता तिनं आपल्या पिशवीतली दोन ओंजळी पानं लेकीच्या पिशवीत ओतली. मग सुकुरमोनीकडं न बघता परत आपल्या रांगेत गेली. तिनं शिवी दिली असती तर सुकुरमोनीला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी देवांती घरी आली तेव्हा तिच्या अंगठ्याची पेरं काळी पडायला लागली होती. काटक्यांनी मनगटावर ओरखडे उठले होते. ती न्हाणीपाशी बसली आणि साबण घेऊन बोटं घासायला लागली. घासली, धुतली, बघितली, परत घासली. सुकुरमोनी चुलीपाशी भात शिजवत होती. तिला सांगायचं होतं, जाणार नाही गं ते, उगाच कातडं सोलून घेऊ नकोस. त्याऐवजी तिनं मोहरीचं तेल कोमट केलं, सुनेजवळ जाऊन बसली आणि तिचे हात आपल्या हातात घेऊन चोळू लागली. देवांतीनं हात ओढून घेतले नाहीत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात राग होता.

"माय, एक सांगून ठेवते. मला पोरगी झाली ना, तर तिला मी या झाडाला हात लावू देणार नाही. काय वाटेल ते होवो. ती शिकेल."

"शिकेल," सुकुरमोनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

चटईवरून बुधनीचा आवाज आला. तिला ऐकू गेलं असेल असं दोघींनाही वाटलं नव्हतं.

"मीपण हेच म्हणाले होते," बुधनी म्हणाली. "सुकुर झाली तेव्हा. लाईनीत कुणीच पोरीला रस्त्यापलीकडं पाठवत नव्हतं. मी पाठवली. चार वर्षं रोज रस्त्याच्या कडेला उभी राहायचे, ट्रक येतात म्हणून. तोडीला उशीर व्हायचा, सरदाराच्या शिव्या खायचे." ती जरा थांबली, धाप लागली होती. "नववीपर्यंत जमलं गं मला. पुढं नाही जमलं."

सुकुरमोनीचे हात थांबले. हातात सुनेची बोटं होती, तेलानं ओली. शाळेच्या दारात उभी असलेली आई तिनं जन्मभर डोळ्यांपुढं ठेवली होती. पण त्या शाळेपर्यंत आपल्याला रोज पोचवलं कुणी, हे तिनं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. भात करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही. देवांतीच उठली आणि तिनं भात उतरवला.